जुन्या डेस्कटॉपला नवा एसएमपीएस: आधी वय बघा, मग वॅट

एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज संगणकाला लागेल तशी करून देणारा कॅबिनेटमधला डबा. दुकानदाराने ‘एसएमपीएस गेलाय’ म्हणून सांगितलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती वॅटचा घेऊ? मी नवी मुंबईत ऐरोलीला राहते. रबाळे, महापे, पावणे या पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यांचे आणि गोडाऊनच्या ऑफिसांतले जुने डेस्कटॉप सांभाळणं हे माझं काम. वॅटचा प्रश्न शेवटी विचारायचा असतो, हे या कामात मला पक्कं समजलं आहे. पहिला प्रश्न संगणकाच्या वयाचा. २००१ सालचा, २००८ सालचा आणि २०१३ सालचा संगणक एकाच एसएमपीएसकडे वेगवेगळ्या वायरींवर वीज मागतात, आणि आज दुकानात मिळणारा एसएमपीएस आजच्या संगणकाचा विचार करून बनवलेला असतो.

जुनं टाका आणि नवं घ्या, असं सांगणं सोपं आहे. पण कारखान्यातलं मशीन ज्या कार्डावर चालतं ते कार्ड आजच्या मदरबोर्डात (संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डात) बसत नाही, त्याचं सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीच्या पुढे जात नाही, आणि मशीन बनवणारी कंपनी कधीच बंद झालेली असते. घरातही असंच असतं. लग्नपत्रिका आणि अहवाल टाइप करून देणाऱ्या एका बाईंचं सगळं काम जुन्या पेजमेकरच्या फायलींमध्ये आणि श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये आहे. अशी नीट चालणारी यंत्रं एका डब्यापायी भंगारात जाताना मला बघवत नाहीत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

खरंच एसएमपीएसच गेलाय का?

पैसे खर्च करण्याआधी एवढं तपासा. बटण दाबल्यावर पंखा एकदाच थरथरतो आणि थांबतो, सकाळी चार वेळा दाबल्यावर पाचव्यांदा सुरू होतो, मोठी फाइल उघडली की अचानक बंद पडतो, किंवा मागून जळका वास येतो, तर संशय एसएमपीएसवर घ्यायला हरकत नाही. पण हीच लक्षणं सैल झालेल्या रॅममुळे, फुगलेल्या कॅपॅसिटरच्या (वीज साठवणाऱ्या छोट्या नळकांड्यांच्या) मदरबोर्डमुळे किंवा समोरच्या खराब बटणामुळेही दिसतात. त्यामुळे आधी रॅम काढून पुन्हा बसवा, आणि प्रोसेसरच्या आजूबाजूच्या कॅपॅसिटरची डोकी सपाट आहेत का बघा. २००० ते २००७च्या आसपासच्या बोर्डांमध्ये कॅपॅसिटर फुगणं हा जणू साथीचा रोग होता. डोकी फुगलेली असतील किंवा तिथे तपकिरी चीक दिसत असेल, तर नुसता एसएमपीएस बदलून काम होणार नाही.

यानंतर मल्टिमीटर. दोन-तीनशे रुपयांचा साधा मीटर या कामाला पुरतो. संगणक चालू असताना मोकळ्या असलेल्या चार पिनांच्या मोलेक्स कनेक्टरमध्ये (जुन्या डिस्कला वीज देणाऱ्या) मीटरची काळी पिन काळ्या वायरीला आणि लाल पिन आधी पिवळ्या, मग लाल वायरीला लावा. पिवळीवर १२ व्होल्ट यायला हवेत, लालवर ५. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे पिवळीवर ११.४० ते १२.६० आणि लालवर ४.७५ ते ५.२५. मुख्य कनेक्टरमधली नारिंगी वायर ३.३ व्होल्टची. जांभळीवर संगणक बंद असतानाही, नुसता मेन स्विच चालू असला तरी, ५ व्होल्ट हवेत. जांभळी कोरडी असेल तर एसएमपीएस गेला असं समजा. बायॉसमध्येही (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) व्होल्टेज दिसतं, पण ते अंदाजापुरतं धरा.

हिरवी आणि काळी वायर जोडून एसएमपीएस बाहेरच्या बाहेर चालू करून बघायची युक्ती बऱ्याच जणांना माहीत असते. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला, असा निष्कर्ष त्यावरून काढू नका. पंखा फिरवायला काहीच ताकद लागत नाही. खरी परीक्षा लोडवर, म्हणजे वीज ओढली जात असताना होते, म्हणून निदान एखादी जुनी हार्ड डिस्क जोडून मोजा, आणि शक्य असेल तर संगणक पूर्ण काम करत असतानाच मोजा.

एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. आपल्याकडचा २३० व्होल्टचा एसी आत जाऊन डीसी होतो तेव्हा मोठ्या कॅपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास साठलेले असतात. प्लग काढल्यावरही ते तिथे राहू शकतात. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी ही एकच गोष्ट दरडावून सांगते.

संगणकाचं वय कसं ओळखायचं

कॅबिनेटचं बाजूचं पान काढा आणि मदरबोर्डकडे बघा. दोन कनेक्टर बघायचे: जाड मुख्य कनेक्टर आणि प्रोसेसरजवळचा लहान चौकोनी कनेक्टर.

मुख्य कनेक्टर २० पिनांचा आहे आणि प्रोसेसरजवळ दुसरा काहीच नाही, तर तो पेंटियम थ्री किंवा अॅथलॉन एक्सपी या प्रोसेसरच्या काळातला बोर्ड असण्याची शक्यता जास्त. मुख्य २० पिनांचा आणि शेजारी चार पिनांचा चौकोन, तर पेंटियम फोरच्या पहिल्या वर्षांतला. हा चार पिनांचा १२ व्होल्टचा कनेक्टर २००० साली एटीएक्स१२व्ही या मानकाबरोबर आला. मुख्य २४ पिनांचा असेल तर बोर्ड २००३-०४ नंतरचा: कोअर टू ड्युओ, पहिले आय-थ्री, आय-फाइव्ह वगैरे. आणि मुख्य कनेक्टर सहा, आठ, दहा किंवा चौदा पिनांचा निघाला, तर तुमचा संगणक मोठ्या कंपनीने तयार करून विकलेला आहे आणि त्याची गोष्टच वेगळी. ती पुढे येते.

या खुणांचं महत्त्व असं. जुन्या संगणकात प्रोसेसरला लागणारी वीज ५ व्होल्टच्या लाल वायरींतून यायची. पेंटियम फोरपासून ती १२ व्होल्टच्या पिवळ्या वायरींवर गेली, आणि एसएमपीएस बनवणाऱ्यांनी हळूहळू सगळी ताकद पिवळ्या वायरींकडे वळवली. आज ४५० किंवा ६५० वॅटचा नवा एसएमपीएस घेतला, तरी त्याच्या ५ व्होल्टच्या लायनीवर बहुतेक वेळा १५ ते २० अँपिअरच मिळतात. २००१-०२च्या साध्या एसएमपीएसवरही ५ व्होल्टला ३० अँपिअर लिहिलेले सापडायचे.

पावण्याच्या एका पॅकेजिंग कारखान्यात लेबलं छापणारा अॅथलॉन एक्सपीचा संगणक आहे. जुना एसएमपीएस गेल्यावर मालकांनी ६५० वॅटचा भारी डबा आणून बसवला. संगणक सुरू व्हायचा, विंडोज उघडायची, आणि छपाई लावली की रीस्टार्ट. मालक म्हणाले, “मॅडम, दुप्पट ताकदीचा आणलाय, तरी असं का?” मी लालवर मीटर लावला. छपाई सुरू होताच ४.६ व्होल्ट. हिशेब साधा आहे: ७० वॅटचा प्रोसेसर ५ व्होल्टवर चालवायचा तर १४ अँपिअर लागतात, बोर्डावरच्या रेग्युलेटरमध्ये (व्होल्टेज उतरवणाऱ्या भागात) वाया जाणारी वीज धरली की सतराच्या आसपास. वर रॅम, डिस्कचा सर्किट बोर्ड, यूएसबी. तो ६५० वॅटचा डबा आपली बहुतेक ताकद पिवळ्या वायरींवर ठेवून बसला होता आणि या बोर्डाला पिवळ्याशी जवळपास देणंघेणंच नव्हतं. नंतर तिथे ३५० वॅटचा, पण ५ व्होल्टवर ३० अँपिअर देणारा एसएमपीएस लावला आणि लालवर ४.९५ स्थिर राहिले.

तेव्हा बोर्ड २० पिनांचा आणि प्रोसेसरजवळ १२ व्होल्टचा कनेक्टर नसलेला असेल, तर लेबलवर ५ व्होल्टच्या खाली निदान २५ अँपिअर आहेत का ते शोधा. असा नवा डबा सहज मिळत नाही. औद्योगिक संगणकांचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे विचारा. त्यांच्याकडे या घाटाचे अजून मिळतात. मिळालाच नाही, तर आतलं ओझं कमी करा: वापरात नसलेली सीडी ड्राइव्ह, मोडेम कार्ड, दुसरी हार्ड डिस्क काढून टाका. पेंटियम थ्रीचं फारसं अडत नाही, कारण तो अॅथलॉनच्या मानाने फार कमी वीज खातो, आणि चांगला नवा एसएमपीएस त्याला पुरतो.

स्वस्त एसएमपीएसमध्ये आणखी एक घोळ होतो. त्यात ५ आणि १२ व्होल्ट एकाच नियंत्रणाखाली बांधलेले असतात. लालवर ओढ जास्त आणि पिवळीवर नगण्य असेल, तर लाल खाली येते आणि पिवळी वर चढते. चांगल्या नव्या एसएमपीएसमध्ये आधी फक्त १२ व्होल्ट बनवतात आणि त्यातून ५ व ३.३ वेगळे काढतात. त्यात हा प्रकार होत नाही. माहितीपत्रकात ‘डीसी टू डीसी’ असा उल्लेख असतो तो याचाच.

कारखान्यातल्या संगणकांसाठी उणे व्होल्टेजचं बघावंच लागतं. निळी वायर उणे १२ व्होल्टची. जुन्या बोर्डांवरचे सीरियल पोर्ट बहुतेकदा हिच्यावर चालतात. वजनकाटा किंवा सीएनसी मशीन सीरियल केबलने जोडलेलं असेल आणि एसएमपीएस बदलल्यावर संगणक ठीक पण मशीन मुकं झालं, तर पहिला मीटर निळीवर लावा. पांढरी वायर उणे ५ व्होल्टची. ती आयएसए स्लॉटसाठी (जुन्या घाटाची कार्डं बसवायच्या खाचांसाठी) होती आणि २००३ नंतरच्या मानकातून गेली. नव्या एसएमपीएसच्या २० पिनांत तिची जागा रिकामी असते. बहुतेक आयएसए कार्डांना ती लागत नाही, पण काहींना लागते. जुना एसएमपीएस काढण्याआधी त्याला पांढरी वायर होती का, हे बघून लिहून ठेवा. कार्डाला ती खरंच लागत असेल, तर उणे १२ वरून ७९०५ हा रेग्युलेटर लावून उणे ५ बनवता येतात. हे काम सोल्डरिंगचा हात असलेल्याकडूनच करून घ्या.

त्याहून जुने, सहा-सहा पिनांचे दोन कनेक्टर शेजारी-शेजारी लागणारे एटी घाटाचे संगणकही अजून एखाद्या शेडमध्ये चालताना दिसतात. तिथे दोन्ही कनेक्टरच्या काळ्या वायरी मध्यभागी एकमेकींना लागून आल्याच पाहिजेत. अदलाबदल झाली तर बोर्ड जातो. एटीएक्सवरून, म्हणजे आजच्या नेहमीच्या घाटावरून, एटी करणारी जोडणी (अॅडॉप्टर) मिळते.

कोअर टू ड्युओ ते चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह

घरातले आणि ऑफिसांतले बहुतेक जुने असेंबल केलेले संगणक या गटात येतात, आणि इथे काम सोपं आहे. सगळी भिस्त १२ व्होल्टवर. ई८४०० हा कोअर टू ड्युओ ६५ वॅटचा, आय-फाइव्ह ३४७० हा ७७ वॅटचा. बोर्ड आणि रॅमचे तीस-चाळीस, चालू हार्ड डिस्कचे आठ-दहा, पण ती फिरायला लागते त्या क्षणी वीस-पंचवीस. एसएसडीचे नगण्य. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर सगळं मिळून दीडशे वॅटच्या आत बसतं. जीटी ७१० सारखं साधं कार्ड १९ वॅट वाढवतं, जीटीएक्स १०५० टीआय ७५ वॅट. म्हणजे यातल्या जवळजवळ प्रत्येक संगणकाला खरोखरचे ४०० ते ४५० वॅट भरपूर झाले. ‘खरोखरचे’ हा शब्द महत्त्वाचा, कारण डब्यावरच्या मोठ्या आकड्यावर विसंबून चालत नाही.

डब्याच्या बाजूला तक्ता छापलेला असतो. त्यात +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर आहेत ते वाचा आणि बाराने गुणा. एका डब्यावर ठसठशीत ४५० लिहिलेलं असतं आणि १२ व्होल्टच्या खाली १४ अँपिअर. गुणाकार १६८ वॅट. हा ४५० वॅटचा एसएमपीएस नाही. दुसऱ्यावर ४५० आणि खाली ३४ अँपिअर: ४०८ वॅट. बाकीचे ५ आणि ३.३साठी. हा आकडा प्रामाणिक आहे. १२ व्होल्टचे दोन रकाने असतील, व्ही१ आणि व्ही२, तर त्यांची सरळ बेरीज करू नका. खाली दोन्हींची मिळून कमाल मर्यादा वॅटमध्ये दिलेली असते, ती धरा. आणि तक्ताच नसेल, किंवा अँपिअरचे आकडेच नसतील, तर तो डबा दुकानातच राहू द्या.

‘८० प्लस’ची खूण २००४ साली सुरू झालेल्या कार्यक्रमातून येते. ती सांगते की भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती संगणकापर्यंत पोचते. ब्राँझ म्हणजे ११५ व्होल्टच्या चाचणीत अर्ध्या लोडवर ८५ टक्के. व्होल्टेज किती स्थिर आहे, हे त्या खुणेवरून समजत नाही. तरीही मी ब्राँझ बघूनच घ्यायला सांगते, कारण तेवढी कार्यक्षमता रद्दी भागांनी साधत नाही. गोल्डसाठी जास्तीचे पैसे जुन्या संगणकावर घालू नका. दीडशे वॅटच्या यंत्रात तो फरक वीजबिलात जाणवण्याइतका नसतो. भारतात विकायच्या एसएमपीएसवर भारतीय मानक ब्युरोची (बीआयएस) खूण, तिच्याबरोबर आयएस १३२५२ आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. बीआयएस केअर या मोबाइल अॅपमध्ये तो क्रमांक टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. दुकानात उभ्या उभ्या होणारं काम आहे, संकोचू नका.

किमतीचं म्हणाल तर साडेपाचशे-सातशेच्या डब्यात आणि साधारण अडीच ते साडेतीन हजारांच्या ब्राँझ डब्यात जो फरक आहे, तो मुख्यतः सुरक्षेचा आहे. व्होल्टेज अचानक चढलं, कुठे शॉर्ट झालं, लोड वाढला, तर चांगला एसएमपीएस स्वतः बंद होतो. स्वस्तातला जाताना कधीकधी बोर्ड आणि डिस्क घेऊन जातो. जुन्या संगणकाची किंमत बाजारात दोन हजार असेल, पण त्यातल्या डिस्कवर पंधरा वर्षांच्या नोंदी असतात. निदान तीन वर्षांची वॉरंटी असलेलाच घ्या. वापरलेला एसएमपीएस घेऊ नका. त्यातले कॅपॅसिटर किती उन्हाळे बघून आलेत ते बाहेरून समजत नाही.

डेल, एचपी, लेनोवोचे तयार संगणक

महाप्याच्या बऱ्याच ऑफिसांनी रिफर्बिश केलेले (दुरुस्त करून पुन्हा विकलेले) कंपनीचे डेस्कटॉप घेतले आहेत. यंत्रं मजबूत असतात, पण एसएमपीएस कंपनीच्या स्वतःच्या घाटाचे. डेलच्या ऑप्टिप्लेक्स ७०२० आणि ९०२० ला मुख्य कनेक्टर ८ पिनांचा असतो, एचपीच्या एलिटडेस्क ८०० जी१ ला ६ पिनांचा, लेनोवोच्या बऱ्याच थिंकसेंटरना १४ किंवा १० पिनांचा. यात एसएमपीएस मुख्यतः १२ व्होल्टच देतो आणि बाकीची व्होल्टेज मदरबोर्ड स्वतः बनवतो. म्हणूनच हार्ड डिस्कची वायरही बोर्डातून निघालेली दिसते.

इथे माझं मत स्पष्ट आहे: जुन्या डब्याच्या लेबलवरचा पार्ट नंबर घेऊन तोच एसएमपीएस शोधा. डेलवर ‘डीपी/एन’, लेनोवोवर ‘एफआरयू’, एचपीवर ‘स्पेअर’ या शब्दांपुढे तो छापलेला असतो. २४ पिनांवरून ६, ८ किंवा १४ करणाऱ्या जोडण्या मिळतात आणि कॅबिनेट मोठं असेल तर चालतातही, पण ती जोडणी नेमक्या त्याच मॉडेलसाठी आहे याची खात्री हवी. काही बोर्डांना स्टँडबायलाही (संगणक बंद असताना) ५ ऐवजी ११-१२ व्होल्ट लागतात, आणि साध्या वायरींच्या जोडणीत ते वाढवण्याची सोयच नसते. शिवाय १९९०च्या दशकाच्या अखेरच्या काही डेल संगणकांत कनेक्टर अगदी नेहमीच्या २० पिनांसारखा दिसतो, पण आतल्या वायरींचा क्रम निराळा असतो. त्यात साधा एटीएक्स एसएमपीएस लावला तर बोर्ड जळतो.

पट्टी घेऊन मोजा, वायरी मोजा

नेहमीचा एटीएक्स डबा १५० मिलिमीटर रुंद, ८६ उंच आणि १४० खोल असतो. खोली मात्र बदलते. मोठ्या वॅटचे १६० किंवा त्याहूनही जास्त खोल असतात आणि जुन्या अरुंद कॅबिनेटमध्ये डीव्हीडी ड्राइव्हच्या पाठीला अडतात. सडपातळ कॅबिनेटमध्ये टीएफएक्स लागतो, ८५ बाय ६५ बाय १७५. त्याहून छोट्यांत एसएफएक्स, १२५ बाय ६३.५ बाय १००. फोटो काढून न्या, पण माप कागदावरच लिहून न्या. फोटोवरून दुकानदार अंदाजच करणार.

२४ पिनांचा मुख्य कनेक्टर बहुतेक नव्या एसएमपीएसमध्ये २० अधिक ४ असा सुटा होतो, त्यामुळे २० पिनांच्या बोर्डाची चिंता नको. प्रोसेसरचा कनेक्टरही ४ अधिक ४ असा सुटतो. ग्राफिक्स कार्डाचा ६ अधिक २ चा कनेक्टर दिसायला त्याच्यासारखाच, पण त्यात १२ व्होल्ट आणि काळ्या वायरींच्या बाजू उलट असतात. सहज जात नसेल तर दाबून घुसवू नका.

जुन्या आयडीई (रुंद पट्टीच्या केबलच्या) डिस्क आणि सीडी ड्राइव्हना मोलेक्स लागतो, आणि नव्या एसएमपीएसवर मोलेक्स दोन-तीनच असतात, काहींवर एकच. तुमच्याकडे किती लागतात ते आधी मोजा. फ्लॉपीचा छोटा कनेक्टर तर आता क्वचितच येतो. मोलेक्सवरून साटा (नव्या डिस्कचा चपटा कनेक्टर) करणारी जोडणी घ्यायची असेल तर ज्याच्या साटा टोकात वायरी पिनांनी दाबून बसवलेल्या आणि मागून झाकण लावलेल्या दिसतात ती घ्या. प्लास्टिक एकसंध ओतून बनवलेली जोडणी घेऊ नका. त्यात आतल्या वायरी जवळ सरकून शॉर्ट होतात, आणि या टोकांना आग लागल्याची उदाहरणं सर्वांना माहीत आहेत. सुट्या वायरींचा (ज्याच्या वायरी डब्यातूनही काढता येतात असा) एसएमपीएस घेतलात तर जुन्या एसएमपीएसच्या वायरी त्याला कधीही जोडू नका. संगणकाकडचं टोक सारखं असतं, डब्याकडच्या टोकाला कोणतंही मानक नाही.

खरेदी ठाण्यात किंवा वाशीत झाली तर उत्तम, कारण वॉरंटीला पुन्हा जावं लागतं. विशिष्ट घाटाचा हवा असेल तर मात्र दादरला गाडी बदलून मुंबईत ग्रँट रोडला उतरा आणि लॅमिंग्टन रोडचा संगणक बाजार धरा. रविवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या.

यूपीएस आणि अर्थिंग

चांगल्या नव्या एसएमपीएसमध्ये बऱ्याचदा ‘अॅक्टिव्ह पीएफसी’ (भिंतीतली वीज लाटेच्या चालीने नीट ओढणारी सोय) असतं. घरचा स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की गुळगुळीत लाटेऐवजी पायऱ्यापायऱ्यांची लाट देतो, आणि काही अॅक्टिव्ह पीएफसी एसएमपीएस ती स्वीकारत नाहीत. आमच्या इमारतीतल्या निवृत्त गुरुजींकडे नेमकं हेच झालं: एसएमपीएस नवा, यूपीएसची बॅटरी नवी, तरी वीज गेली की संगणक लगेच बंद. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट, म्हणजे ताकद कमी नव्हती, जुळत नव्हतं. तेव्हा दुकानातून घेताना ‘यूपीएसवर चालला नाही तर दोन दिवसांत बदलून द्याल का?’ हे आधीच विचारून घ्या, आणि घरी आल्यावर पहिल्याच दिवशी यूपीएसचा प्लग काढून बघा.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येत असतील, तर दोष एसएमपीएसचा समजू नका. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याकडे दोन छोटे कॅपॅसिटर असतात. अर्थिंग तुटलेलं असलं की पत्र्यावर मेन व्होल्टेजच्या निम्मे, म्हणजे ११५च्या आसपास व्होल्ट दिसतात. करंट अगदी थोडा असतो, पण तो यूएसबी आणि सीरियल केबलमधून मशीनपर्यंत जातो आणि पोर्ट मारतो. मीटर एसीवर ठेवून प्लगमध्ये फेज ते अर्थ मोजा: २३०च्या जवळ यायला हवेत. न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्टच. तसं नसेल तर एसएमपीएस बसवण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. जुन्या चाळीच्या खोल्यांत आणि भाड्याच्या गाळ्यांत मला अर्थिंग नसलेले प्लग इतके सापडतात की आता मी बॅगेतून आधी मीटरच काढते.

बसवताना

मेन प्लग काढा, मग संगणकाचं बटण पाच-सहा सेकंद दाबून धरा, म्हणजे बोर्डावर उरलेला चार्ज उतरतो. जुन्या वायरी काढण्याआधी प्रत्येक बाजूने फोटो घ्या. एसएमपीएसमागे ११५/२३० लिहिलेला लाल सरकता स्विच असेल तर तो २३०वर आहे ना, हे डोळ्यांनी बघा. ११५वर राहिला तर पहिल्याच क्षणी स्फोटासारखा आवाज होऊन डबा जातो. ज्यांच्यावर हा स्विच नाही त्यांचा इनपुट लेबलवर बघा, आपल्याकडे विकले जाणारे बरेच डबे फक्त २०० ते २४० व्होल्टचे असतात, आणि ते इथे बरोबरच आहे.

डब्याच्या मागचे चार स्क्रू मुद्दाम असमान जागी असतात. चौथा बसत नसेल तर डबा उलटा धरला आहे. जुन्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस वरच्या बाजूला असतो, तिथे त्याचा मोठा पंखा खाली, प्रोसेसरकडे तोंड करून यायला हवा. खाडीकडच्या दमट हवेत आणि ठाणे-बेलापूर रस्त्याच्या धुळीत कॅबिनेटच्या तळाशी जो चिकट थर साठतो, तो हात घातलाच आहे तर आत्ताच ब्रशने काढून घ्या. नाहीतर नवा पंखा पहिल्या तासात तोच थर आत ओढेल.

सुरू केल्यावर लगेच झाकण लावू नका. मोलेक्सवर मीटर लावा, पिवळी आणि लाल मोजा. मग संगणकाला त्याचं नेहमीचं सगळ्यात जड काम द्या: छपाई असेल तर छपाई, मशीन असेल तर मशीन, घरी असेल तर मोठा व्हिडिओ आणि अँटिव्हायरसचं स्कॅन एकदम. पंधरा-वीस मिनिटं चालू द्या आणि पुन्हा मोजा. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांत दोन-तीन शतांश व्होल्टचाच फरक असेल तर झाकण लावा. हे आकडे आणि खरेदीची तारीख पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून मी कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवते. दोन वर्षांनी पुन्हा कोणी कॅबिनेट उघडलं की तुलना करायला ते लागतात.

जुना एसएमपीएस भंगारवाल्याला देऊ नका. तांब्यासाठी तो उघडून जाळला जातो. ई-कचरा गोळा करणाऱ्या नोंदणीकृत केंद्रात द्या. देण्याआधी त्याच्या लेबलचा स्पष्ट फोटो काढून ठेवा, विशेषतः तो कंपनीच्या तयार संगणकातला असेल तर.